टर्मिनलकर

टर्मिनलकरांचं खरं आडनाव आता फक्त सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. पन्नाशीचे गृहस्थ. दिवसभर एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतात आणि संध्याकाळी घरी येऊन यूट्यूब बघतात. म्हणजे तुम्ही-आम्ही बघतो तसं नव्हे. ब्राउझर उघडला की चार जीबी रॅमच्या त्यांच्या जुन्या थिंकपॅडचा पंखा घरघरायला लागतो, आणि ती घरघर त्यांच्या जिवाला लागते. म्हणून टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, तिच्यात कमांड ठोकायची, आणि मग व्हिडिओ.

हे होतं कसं, ते त्यांना विचारू नका, रात्रीचं जेवण चुकेल. थोडक्यात मीच सांगतो. त्या कमांडमागची स्क्रिप्ट स्वतः जवळपास काहीच करत नाही. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी ती नुसती गाठ घालून देते. तुमचा शब्द घेऊन ती यूट्यूबवर शोध घेते. आलेली नावं एफझेडएफ नावाचा प्रोग्राम यादी करून समोर मांडतो. तुम्ही बाण खालीवर करून एक निवडता. वायटी-डीएलपी त्या व्हिडिओचा खरा पत्ता हुडकून काढतो आणि एमपीव्ही तो पडद्यावर लावतो. जाहिरात नाही, शॉर्ट्स नाहीत, खाली भांडणारी मंडळी नाहीत. व्हिडिओ संपला की खिडकी बंद. पुढचा आपोआप सुरू होत नाही. आवडत्या चॅनेलांवर नवीन काय आलं ते आरएसएस फीडमधून कळतं, त्यामुळे खातं उघडायचीही गरज नाही.

ऐकायला झकास आहे. खोट एकच. यूट्यूब आपल्या पोटातली यंत्रणा अधूनमधून बदलत असतं, आणि बदललं की स्क्रिप्ट मान टाकते. त्या दिवशी टर्मिनलकरांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते बोनसच्या दिवशीही येत नाही. चष्मा कपाळावर, चहा बाजूला, दुरुस्ती सुरू. दुरुस्ती झाली की चाचणीला ते यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ लावतात. 23 एप्रिल 2005 चा, 19 सेकंदांचा. प्राणिसंग्रहालयात उभा राहून एक तरुण हत्तींच्या सोंडेबद्दल बोलतो. हा व्हिडिओ लहान म्हणून चाचणीला बरा. माझा अंदाज असा, की टर्मिनलकरांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा हाच व्हिडिओ पाहिला असावा.

मागच्या संकष्टीला वहिनी मोदक करत होत्या. पारी हातावर घेतलेली, बोटं तेलाची, आणि कळ्या काही केल्या जवळजवळ पडेनात.

"अहो, जरा तो कळ्या पाडायचा व्हिडिओ लावा ना. माझे हात बरबटलेत."

"एका मिनिटात!" टर्मिनलकर उठलेच. थिंकपॅड ओट्यावर आला. यादी उघडली. आता या काळ्या खिडकीला देवनागरीचं वावडं आहे: प्रत्येक अक्षराला मोजून मापून चौकोन, त्यामुळे काना एका घरात, मात्रा दुसऱ्या घरात, वेलांटी रस्त्यावर. त्या पडझडीतून त्यांनी 'मोदक' अचूक ओळखला आणि एंटर मारलं. एरर 403.

"जुनं झालंय. अपडेट करतो."

"उकड गार होतेय."

अपडेट झालं, आणि नव्या वायटी-डीएलपीने सांगितलं की जावास्क्रिप्ट चालवणारा एक वेगळा प्रोग्राम आधी बसवा. 2025 च्या अखेरीपासून यूट्यूबसाठी त्याला तो लागतो. ज्या जावास्क्रिप्टच्या ओझ्याला वैतागून या माणसाने ब्राउझर सोडला, तीच मागच्या दाराने घरात शिरत होती. टर्मिनलकर क्षणभर गप्प बसले. मग बसवला. घाईत हत्तींची चाचणी राहिली. मोदक लावला. आणि व्हिडिओ सुरू झाला, एकही जाहिरात न येता, चटकन.

फक्त आवाज. रात्री व्याख्यानं ऐकताना डेटा वाचावा म्हणून त्यांनी चित्र बंद करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलेलं. काळ्या खिडकीतून एक बाई प्रेमाने सांगत होत्या, "हे बघा, बोटं अशी धरायची, आणि अंगठा असा आत."

वहिनींनी हात धुतले, मुलीचा फोन घेतला, दोन जाहिराती बघितल्या आणि कळ्या पाडल्या.

त्या घरात यावर कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. वहिनी त्यांच्या थिंकपॅडला हात लावत नाहीत, ते वहिनींच्या टीव्हीला. घरात शांतता असली तरी बाहेर बसलेला एक घाव टर्मिनलकर अजून विसरलेले नाहीत. वायटी-डीएलपीचा पूर्वज यूट्यूब-डीएल 2006 पासूनचा. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटने तो काढून टाकला. टर्मिनलकरांनी सुतक पाळलं. नोव्हेंबरात तो परत आला, तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. कसले, ते कुणालाच कळलं नाही. वॉचमनने मुलगी पास झाली का म्हणून विचारलं.

हसायला सोपं आहे, पण एक कबूल केलं पाहिजे. आमच्या इमारतीत अर्ध्या तासाची मुलाखत बघायला बसून अर्ध्याच तासात उठणारा माणूस हा एकटाच. बाकी आम्ही सगळे मुलाखतीपासून निघतो आणि रात्री एक वाजता कुणीतरी रानात मातीचा बंगला बांधतंय ते बघत असतो.

तुमच्या ओळखीत असा कुणी टर्मिनलकर असेल, तर घाईच्या वेळी त्याच्याकडे व्हिडिओ मागू नका. लॅपटॉप बिघडला की मात्र त्यालाच बोलवा. पैसे घेत नाही, चहावर काम करतो. फक्त जाताना लिनक्स टाकून जातो, तेवढं बघा.