डबल दिमाग, सिंगल पडदा

मारधाडपटाचा पडलेला दुसरा भाग हा आस्वादाचा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याच्या अभ्यासाला हैदराबादेतला तारनाका सोयीचा पडतो. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, हाकेच्या अंतरावर सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, शेजारी राष्ट्रीय पोषण संस्था. अजिबात पोषणमूल्य नसलेली वस्तू माणूस मिटक्या मारत का खातो, हा प्रश्न या परिसराला परका नाही.

सोयीचा नमुना 'डबल इस्मार्ट', प्रदर्शन 15 ऑगस्ट 2024. त्याचा पहिला भाग, दिग्दर्शक पुरी जगन्नाथ यांचाच 'इस्मार्ट शंकर', 2019 च्या जुलैत आला आणि तुफान चालला. जुन्या शहरातला सुपारीबाज शंकर (राम पोतिनेनी), आणि त्याच्या मेंदूत भरलेली एका पोलीस अधिकाऱ्याची स्मृती, एवढ्या भांडवलावर तो तरला. दुसऱ्या भागात बिग बुल नावाच्या खलनायकाच्या (संजय दत्त) मेंदूत गाठ निघते, हाती तीन महिने उरतात, आणि तोही आपली स्मृती शंकरच्याच डोक्यात ठेवायला निघतो. एकच खोली दुसऱ्यांदा भाड्याने गेली. रंगसफेदी तेवढी झाली नाही. चित्रपट आपटला.

आस्वादाची पहिली पायरी म्हणजे पडद्यावरच्या शस्त्रक्रियेची उलटी शस्त्रक्रिया. तिथे डोक्यात स्मृती घालतात. प्रेक्षकाने आपल्या डोक्यातून पहिला भाग काढून दारातच ठेवायचा असतो. हे न जमणारा माणूस दर पाच मिनिटांनी 'आधीच्यात कसं होतं' म्हणून सुस्कारा सोडतो आणि शेजाऱ्याचाही खेळ घालवतो. हॉलिवूडलाही ही पायरी चुकलेली नाही. 'स्पीड'मधली बस ताशी 50 मैलांखाली आली की फुटणार होती. 1997 च्या 'स्पीड 2'मध्ये तो सगळा थरार निर्मात्यांनी प्रवासी जहाजावर नेऊन ठेवला.

दुसरी पायरी वेळेची. पहिल्या दिवशी शिट्ट्या आणि कागदाचे कपटे यांत चित्रपट कसा आहे ते कळतच नाही. आठवडाभराने, अर्धे थिएटर रिकामे असताना, पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसावे. लेखकाने सोडून दिलेले काम तेव्हा मागच्या रांगा हाती घेतात. नायकाच्या एका ठोशात दहा जण उडाले की कुणीतरी 'हौले हौले, मियाँ' म्हणतो; नायक-नायिका परदेशी गाण्याला निघाले की कुणी तेलुगूत तिकिटाचे पैसे विचारतो. चाललेल्या चित्रपटात ही मुभा नसते. तिथे बोलणाऱ्याला गप्प करतात, इथे त्याची वाट पाहतात.

तिसरी गोष्ट मध्यंतराची. 'डबल इस्मार्ट'मध्ये अली या विनोदी नटाचा बोका नावाचा जंगली इसम अधूनमधून येतो. मूळ कथेशी त्याचा संबंध नावापुरता, त्यामुळे तो दिसला की उठावे. समोसा खाऊन, चहा पिऊन परतले तरी काही चुकलेले नसते. इतकी प्रेक्षकहिताची सोय चांगल्या पटकथेत सापडत नाही.

मराठी प्रेक्षकाला एक जादा सवलत आहे. या चित्रपटात सयाजी शिंदे आहेत, मकरंद देशपांडेही आहेत. 'टागोर' (2003) आणि पुरी जगन्नाथ यांचाच 'पोकिरी' (2006) यांपासून सयाजी तेलुगू पडद्यावर मुरलेले. ते दिसले की कथा राहते बाजूला. 'आपला साताऱ्याचा माणूस' एवढ्यावर दोन-चार प्रसंग सहज निघतात, आणि सोबतच्या तेलुगू मित्राला ते मूळचे कुठले हे सांगण्यात आणखी एक मारामारी पार पडते.

बाहेर आल्यावरची शिस्त वेगळी. थिएटरसमोरच्या टपरीवर मित्रांमध्ये हसून हसून पुरेवाट झाल्याचे खुशाल कबूल करावे. घरी मात्र 'पैसे पाण्यात गेले' असेच सांगण्याची पद्धत आहे, कारण घरच्यांनी निघतानाच जाऊ नका म्हटलेले असते.