दहावीचा शंभर टक्के निकाल

चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिक सुटेपर्यंत टपरीवर दोन चहा होतात आणि खांबावरची अख्खी जाहिरात वाचून होते. 'हेल्पर पाहिजेत. वय 18 ते 30. पोलीस व्हेरिफिकेशन आवश्यक.' टपरीवाला पस्तिशीचा. म्हणाला, "आपण बाद."

मी त्याला धीर दिला. म्हटलं, घटनेच्या कलम 58 प्रमाणे तू आत्ता कुठे राष्ट्रपती व्हायच्या वयात आलास. अमेरिकेतही पस्तीसच लागतात.

"आणि व्हेरिफिकेशन?"

तर अमेरिकेच्या घटनेत 1868 पासून तेही आहे. घटनेची शपथ घेऊन पुढे बंडात सामील झालेल्याला पुन्हा पद नाही. यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या पुढाऱ्यांसाठी केलेली तरतूद. कोलोरॅडोच्या न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये ती ट्रम्प यांना लावली. 4 मार्च 2024 ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उतरवली. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला राज्यांनी अडवायचं नाही, म्हणे. 6 जानेवारी 2021 ला झालं ते बंड होतं की नव्हतं, हा मुद्दा न्यायमूर्तींनी तसाच ठेवला.

आपण एवढे भित्रे नाही. जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार रातोरात सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा पेपरांनी 'बंड' छापलं. गुलाबराव पाटलांनी विधानसभेत दुरुस्ती केली: बंड नव्हे, उठाव. झालं. शब्दकोशाचं काम संपलं.

आमच्या पट्ट्यात याला तिसराच शब्द आहे: सामूहिक गैरहजेरी. न सांगता, सबळ कारण नसताना, दहा किंवा अधिक कामगार ठरवून कामावर आले नाहीत, तर मालकाला आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. वेतनाच्या कायद्यातच तसं लिहिलंय. गुवाहाटीच्या हॉटेलात दहाहून कितीतरी जास्त होते. पगार राहू द्या, 30 जूनला त्यांचा म्होरक्या एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाला.

पक्षांतराची चौकशी घटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे होते. ती साडेअठरा महिने चालली, मध्ये सर्वोच्च न्यायालयाला 'वाजवी वेळेत उरका' म्हणावं लागलं. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल वाचला. शिंदेंचे आमदार पात्र. ठाकऱ्यांचेही पात्र. दहावीचा असा निकाल बोर्डाच्या कुठल्या शाळेनेही फ्लेक्सवर मिरवला असता.

टपरीवाल्याला हसू आलं नाही. 30 जुलै 2018 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात याच चाकणमध्ये बस जळल्या, त्या गुन्ह्यात त्याच्या भाच्याचं नाव आलं. पोरगा म्हणतो, मी गर्दीत होतो. असेल, नसेल. ठेकेदार बंड बघत नाही, उठाव बघत नाही. कागद बघतो आणि गेटपास परत घेतो.

कोणाकडे कागद न बघता हेल्परची जागा असेल, तर तळेगाव चौकात विचारा. पोरगा तिथंच ग्लास विसळतोय.