हे कितव्या तासाला होतं?

चांगले मार्क पडले की मुलगा वडिलांच्या वळणावर गेलेला असतो. कुणाला ढकललं की आईच्या. त्यामुळे शाळेतून निरोप आला की जायचं मीच. जळगावच्या त्या शाळेत पालकांना बसायला पहिलीच्या पोरांची खुर्ची देतात. गुडघे हनुवटीला टेकलेले असताना ठणकावून बोलणं अवघड जातं. म्हणूनच देत असतील.

मग वही उघडते. ऐकत नाही, बसत नाही, लिहीत नाही. होकारार्थी नोंद एकच : त्रास देतो.

सुरुवातीला मी कायदा पाठ करून जायची. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. सतराव्यानुसार मारता येत नाही, मानसिक छळही करता येत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. नुसत्या अतिचंचलतेला मात्र वेगळी जागा नाही. म्हणजे आमच्या चिरंजिवांना ना सर्टिफिकेट, ना शाबासकी. शिवाय कलमं ऐकली की समोरचा माणूस टेबलामागे आणखीच आत सरकतो.

सासूबाई धुळ्याकडच्या. त्या म्हणाल्या, "पोऱ्या वांड शे, वाईट नही. कव्हय करस, ते इचार."

विचारलं. "मॅडम, हे कितव्या तासाला होतं?" मॅडमनी पानं उलटली. बहुतेक नोंदी मधल्या सुट्टीनंतरच्या तासाच्या. वर पत्रा, बाहेर खानदेशातलं ऊन, शेवटचा बाक आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायचं काम. मॅडम हळूच म्हणाल्या, "त्या तासाला मलाही बसवत नाही हो."

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः आवरत. आमच्याकडे शिक्षकदिनाचं भाषण त्यांच्या नावाशिवाय पुरं होत नाही. पण भरगच्च वर्गात एकट्या बाईंनी रोज साने गुरुजी व्हावं, ही अपेक्षाही जरा जुलमीच. त्या दिवसापासून मी मॅडमच्याही बाजूनं बोलू लागले. ह्यांना ते फितुरीसारखं वाटलं. पण हे मीटिंगला येतात कुठे?

ठरलं ते एवढंच : बाक दाराजवळचा, आणि त्या तासाला हजेरीपत्रक ऑफिसात पोचवायचं काम त्याच्याकडे. काम तो मन लावून करतो. परवा वहीत नवी नोंद आली : ऑफिसातून लवकर परत येत नाही.