पाच वॅटचा संसार

खिशात मोबाईल असताना माणसाला वायरलेस सेट कशाला लागतो, या प्रश्नाचं शहाण्यासारखं उत्तर अजून कुठल्याही हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, देता आलेलं नाही. म्हणून प्रत्येक हॅम लगेच भूकंपाकडे वळतो. १९९३ चं किल्लारी, २००१ चं भूज, आणि मग हुकमी एक्का म्हणजे २००४ ची त्सुनामी. भारती प्रसाद आणि त्यांची मंडळी पोर्ट ब्लेअरला गेली होती ती निव्वळ छंदापायी, अंदमानातून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायला. २६ डिसेंबरला समुद्र आत आला, फोन मुके झाले, आणि त्यांच्या हॉटेलातल्या सेटवरून बेटांची खुशाली मुख्य भूमीवर पोचत राहिली. ही हकिगत खरी आहे, थोर आहे आणि मी ती इतक्यांदा सांगितली आहे की सासुरवाडीत मला ‘त्सुनामीवाले जावई’ म्हणतात.

अडचण एवढीच, की आमच्या कोथरूडला समुद्र नाही.

आपत्ती यावी असं कोणाही हॅमला वाटत नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण लाईट गेली की आमचे चेहरे उजळतात, हेही तितकंच खरं. परवा आमच्या भागात रात्री दीड तास अंधार होता. मी सेट घेऊन बाल्कनीत उभा राहिलो आणि ‘कोणी अडचणीत आहे का’ अशी विचारणा केली. पलीकडून तीन जणांनी हाच प्रश्न मला विचारला. मदत करणारे चार आणि अडचणीतला एकही नाही, त्यामुळे शेवटी अँटेनावर बोललो.

या छंदात शिरायचं म्हणजे मिक्सर घेण्याइतकं सोपं नाही. कोणालाही चालतील असे सेट असतात, ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, अर्ध्या वॅटचे. त्यांना २०१८ पासून परवान्याची माफी आहे. ट्रेकला पुढच्या-मागच्या मंडळींत बोलायला ते पुरतात. हौशी रेडिओचा सेट मात्र परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे, मग तो ऑनलाइन बाजारात खेळण्यांच्या शेजारी का दिसेना. या असल्या विक्रीवर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नियमावली काढावी लागली. तेव्हा आधी परीक्षा, मग परवाना, मग सेट. मी पुणेरी असल्यामुळे हाच क्रम पाळला. नियम मोडायला पैसे पडतात.

परीक्षेला वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच. माझ्या शेजारी सातवीतला एक मुलगा बसला होता. ओहमचा नियम त्याने गेल्या आठवड्यात वाचला होता, मी राजीव गांधी पंतप्रधान असताना. (तेही हॅम होते, हवेवरचं नाव व्हीयू-टू-आरजी. घरात विरोध झाला तेव्हा मी हे नाव पुढे केलं. सासरे म्हणाले, “त्यांना स्वतःची गच्ची होती.”) जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सही यावं लागतं. मी मोर्स नसलेली रिस्ट्रिक्टेड ग्रेड निवडली. पेपर संपल्यावर त्या मुलाने मला विचारलं, “काका, रेझोनन्सचं उत्तर काय लिहिलंत?” मी त्याला शाळेचं नाव विचारून विषय बदलला.

पास झालो. मग पोलीस पडताळणी. घरी आलेले हवालदार सज्जन होते. चहा झाल्यावर त्यांनी वही उघडली.

“काय बोलणार तुम्ही त्याच्यावर?”

“तब्येत, हवामान, अँटेना.”

“आणखी?”

“धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत गुपितं सांगायची नाहीत. नियमच आहेत तसे.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “मग साहेब, परवाना कशाला काढताय?”

तरीही त्यांनी शेरा चांगला दिला असावा, कारण यथावकाश व्हीयू-थ्रीने सुरू होणारं माझं बोलावचिन्ह आलं. पुढची तीन अक्षरं सांगत नाही, सोसायटीत आधीच बरीच बदनामी झाली आहे.

मग सेट आला. दोनेक हजारांचा, तळहातावर मावणारा, पाच वॅटचा चिनी हँडसेट. त्याला एफएम रेडिओ आहे, टॉर्च आहे, आणि बटण दाबलं की बोलणारी एक बाई आहे. ती सुरुवातीला चिनीत बोलत असे. पहाटे पाच वाजता बंद खोलीतून परक्या बाईचा आवाज आला तर घरात जे व्हायचं ते झालं. तिला इंग्रजीत आणायचं तर मेन्यूच्या चाळीसेक कलमांतून वाट काढावी लागते, आणि माहितीपुस्तिका अशा इंग्रजीत आहे की त्यापेक्षा चिनी बरं. मी ती दोन पानांवर सोडून दिली. बायकोने मात्र दुपारच्या वेळात शांतपणे शेवटपर्यंत वाचली. पुढे त्या वाचनाचा उपयोग झाला. मला नव्हे.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण नक्की एखाद्या हॅमच्या बायकोने काढली असणार. सेटनंतर प्रोग्रॅमिंगची केबल येते. ‘चर्प’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण स्वस्तातली केबल संगणकाला ओळख देत नाही, मग महागातली घ्यावी लागते. मग जादा बॅटरी. मग अँटेना किती शक्ती परत फेकते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर. तो सेटपेक्षा महाग. मग आरजी-५८ केबल मीटरवर मोजून, तिचे कनेक्टर आणि ते जोडायला सोल्डर गन. तपकीर गल्लीतले दुकानदार मला आता ‘या’ म्हणत नाहीत, थेट ‘काय बिघडलं?’ विचारतात.

सेटबरोबर येणाऱ्या आखूड अँटेनाला या जमातीत ‘रबर डक’ म्हणतात आणि तिची किंमतही तेवढीच ठेवतात. तिला मदत म्हणून सेटच्या बाहेरच्या धातूला सुमारे अर्धा मीटर वायर जोडून मोकळी सोडायची. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी दोन मीटरच्या जरा वर, तिचा पाव हिस्सा म्हणजे ही शेपटी. शास्त्र पक्कं आहे आणि आवाजात फरक पडतो. पण ती शेपटी लोंबती ठेवून मी दूध आणायला गेलो, तर रस्त्याने पाचजणांनी “काका, वायर लोंबतेय” म्हणून सांगितलं आणि सहाव्याने ती उचलून माझ्या खिशात घातली.

खरी अडचण मात्र वायरची नव्हती. या लहरी फार सरळमार्गी असतात. नाकासमोर चालायचं आणि वाटेत डोंगर आला तर तिथेच थांबायचं. माझा मित्र पाषाणला राहतो, कावळा उडाला तर काही किलोमीटरवर. पण मध्ये वेताळ टेकडी पडते. उलट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारशे किलोमीटर उंचावरून डोक्यावर आलं की १४५.८०० मेगाहर्ट्झवर आमच्या गच्चीतल्या याच सेटवर ऐकू येतं, कारण वाटेत आडवं काहीच नाही. २०२५ च्या जुलैत अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकातून हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. तिथून इथवर आवाज पोचतो आणि पाषाणहून पोचत नाही! मित्राने यावर “तू अंतराळात ये, मग बोलू” असा निरोप पाठवला. व्हॉट्सॲपवर.

यावर दोनच उपाय. डोंगरावरचा रिपीटर, जो एका फ्रिक्वेन्सीवर तुमचं ऐकतो आणि सहाशे किलोहर्ट्झ अलीकडे-पलीकडे तेच जोरात ओरडून सांगतो. किंवा स्वतःच उंचावर जायचं. मी सकाळी वेताळ टेकडीवर जाऊ लागलो. तिथून पाषाण तर आलंच, आणखी बरंच काही आलं. पण हातात वायरलेस, कमरेला शेपटी, तोंडाने ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री’ असा माणूस झुडपांजवळून चालला की झुडपांमागून जोडपी उठून भराभर उतरणीला लागतात. टेकडीवर फिरणाऱ्या एका आजोबांनी माझा हात हातात घेऊन “तुमच्या खात्याने फार चांगलं काम हाती घेतलंय” असं सांगितलं. मी त्यांचा भ्रम मोडला नाही.

टेकडी रोज जमेना म्हणून गच्चीवर अँटेना लावली. पितळी कांड्या, एक उभी आणि चार तिरक्या, सगळ्या त्याच अर्ध्या मीटरच्या. दुरून मोडकी छत्री अडकल्यासारखी दिसते. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी दारात. “टॉवर उभा केलात म्हणे. भाडं किती मिळतं?” मोबाईल कंपन्या सोसायट्यांना भाडं देतात, मग मी कमावतोय आणि लपवतोय असा सरळ हिशेब होता. मी देतच आहे, मिळत काही नाही, हे त्यांना पटायला बरेच दिवस लागले. पण त्यानंतर इमारतीत जे जे बिघडलं ते माझ्या खाती जमा होऊ लागलं. लिफ्ट अडकली, पाण्याचा पंप जळला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या इडल्या फुगल्या नाहीत. काकूंना मी पाच वॅट म्हणजे तुमच्या जिन्यातल्या दिव्याहूनही कमी, हे समजावलं. “दिवा बोलत नाही हो,” त्या म्हणाल्या. याला एसडब्ल्यूआर मीटरमध्येही उत्तर नाही.

आता बायकोविषयी. एवढं सगळं करून मी तिच्याशी रेडिओवर बोलू शकत नव्हतो, कारण तिला परवाना नव्हता. मी मंडईत, ती घरी, माझ्या पट्ट्याला सेट, आणि कोथिंबीर आणा हे सांगायला ती मोबाईल करणार. हौशी रेडिओच्या भाषेत बायकोला ‘एक्सवायएल’ म्हणतात, म्हणजे माजी तरुणी. हे तिला कळलं त्याच दिवशी तिने परीक्षेचा फॉर्म भरला. पास झाली, माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी. रेझोनन्सचं उत्तरही तिचं बरोबर होतं.

हवेवर बायका कमी, त्यामुळे परवाना आणि स्वतःचा सेट आल्यावर ती पहिल्यांदा बोलली तेव्हा सारं पुणे स्वागताला धावलं. सगळे तिला ‘फाईव्ह नाईन’ देतात, म्हणजे आवाज स्वच्छ आणि दणदणीत. तसं ते आम्ही सगळ्यांनाच देतो आणि लगेच “परत एकदा नाव सांगता का, नीट आलं नाही” असं विचारतो, पण तिला मनापासून देतात. सेट तसाच, गच्चीवरची अँटेना तीच, तरी मी बोललो की “ओएम (म्हणजे ओल्ड मॅन), आवाज तुटतोय.”

या यंत्राची एक खुबी मला फार आवडते. बटण दाबून धरलंय तोवर बोलता येतं, ऐकता येत नाही. एका वेळी एकानेच बोलायचं, दुसऱ्याने ‘ओव्हर’ येईपर्यंत गप्प. लग्नानंतर प्रथमच माझी वाक्यं पूर्ण होऊ लागली. तिचीही होऊ लागली, आणि तिची लांब असतात. तेव्हा मेन्यू चाळताना मला टीओटी नावाचं कलम सापडलं. त्यात वेळ घालून ठेवली की तेवढी मिनिटं उलटल्यावर सेट आपोआप बोलणाऱ्याचं तोंड बंद करतो. मी गुपचूप तिच्या सेटवर एक मिनिट लावलं. दोन दिवस शांततेत गेले.

तिसऱ्या दिवशी मी पाषाणच्या मित्राला नव्या अँटेनाचं गणित सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात सेटने मला तोडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तोडलं. आत स्वयंपाकघरात ती माहितीपुस्तिका ओट्यावर उघडी होती. त्या कलमात कमीत कमी वेळ पंधरा सेकंदांची ठेवता येते, असं तिने मला सांगितलं.