निव्वळ वजन

सूरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक आलापल्लीच्या रस्त्याला लागले की झाडं, टपऱ्या, माणसं सगळी तांबडी दिसतात. त्याच रंगाचं एक ‘इलियड’ काटेवाल्या भाऊंच्या पावतीपुस्तकाखाली असतं. भाऊ महाकाव्यात रमत नाहीत, ते तोलतात.

दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी भले भले वाचक गाळतात, भाऊंना ती तोंडपाठ. अ‍ॅगमेम्नॉन 100, नेस्टर 90, ओडिसियस 12. निरेउसपाशी मात्र बोट थांबतं. अकिलीसखालोखाल देखणा आणि जहाजं फक्त 3! “असे लय येतात जी. गॉगल भारी, गाडी भाड्याची.”

ग्लॉकसने 100 बैलांच्या मोलाचं सोन्याचं चिलखत देऊन 9 बैलांचं कांस्याचं घेतलं, तिथे त्यांचा जीव कळवळतो. “काटा न करता माल सोडला!” सिंहाच्या उपमा त्यांना नामंजूर. “सिंह कोणी पाह्यला? वाघ म्हणा.” दुधाच्या चरव्यांवर घोंगावणाऱ्या माश्यांची उपमा मात्र शेजारची चहाची टपरी बघून मंजूर. अकिलीस खेळात लोखंडाचा गोळा बक्षीस लावतो, जिंकणाऱ्याला 5 वर्षं पुरेल एवढा. भाऊ समोरून जाणारा ट्रक बघून म्हणतात, “एवढ्याशासाठी स्पर्धा?”

खरा राग झ्यूसवर. बाविसाव्या सर्गात तो सोन्याचा तराजू धरतो, हेक्टरचं पारडं खाली जातं आणि हेक्टर मरतो.

“रिकामं वजन घेतलं काय त्यानं? अकिलीसची माय देवी, घोडे अमर, चिलखत देवाच्या भट्टीतलं. हे वजा करा. निव्वळ अकिलीस किती उरते?”

“आणि हेक्टर?” मी विचारलं.

भाऊ अडचणीत आले. हेक्टरच्या अंगात त्या वेळी पॅट्रोक्लसच्या प्रेतावरून काढलेलं अकिलीसचंच जुनं चिलखत होतं.

“दुसऱ्याचा माल भरून निघाला, चलान तर फाटणारच,” ते नाइलाजाने म्हणाले. मग पानं उलटून सहाव्या सर्गावर आले. तुरा बघून पोरगं रडतं, म्हणून हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि पोराला उचलतो. “हे पाहा. याले म्हणतात रिकामं वजन. हे घ्यायचं होतं झ्यूसनं.”

इतक्यात काट्यावर चढलेल्या ट्रकने हॉर्न दिला. केबिनमध्ये ड्रायव्हर, क्लीनर आणि फुकटचे दोन प्रवासी. भाऊ खिडकीतून ओरडले,

“उतरा बे सगळे! गाडी तोलाची हाय, तुमाले नाही!”