मागून दिसावं म्हणून

आरएक्स हंड्रेडच्या मालकाला स्वतःचं नाव उरत नाही. सिग्नलला, पंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, कुठलंही अनोळखी पोरगं येतं आणि विचारतं, "काका, विकायची का?" हे विचारताना ते गाडीकडे बघतं, काकांकडे नाही. तिचं उत्पादन 1996 साली थांबलं, माझं तारुण्यही साधारण त्याच सुमारास. भाव मात्र तिचाच वाढला. निदान मागून तरी आम्ही दोघं दणकट दिसावं, एवढ्या शुद्ध हेतूनं मी तिला एफझेडचं मागचं चाक बसवायचं ठरवलं.

मूळ टायर पावणेतीन इंची, म्हणजे जेमतेम 70 मिलिमीटर. 2008 साली आलेल्या एफझेडचा 140. सरळ दुप्पट. जुनी रिम 18 इंची, नवी 17. पण टायर चढवले की दोन्ही चाकं 60 सेंटिमीटरच्या आसपासच भरतात. उंची तीच, वाढला तो फक्त घेर. हा प्रकार मला आरशामुळे परिचयाचा होता.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, चिमट्यात बसत नाही." मग मागचं चाक धरणारा तो चिमटा रुंद केला. आता चेन टायरला घासायला लागली, म्हणून मागचं स्प्रॉकेट बाहेर घेतलं. मागचं बाहेर गेलं की पुढचंही त्याच रेषेत आणावं लागतं, नाहीतर चेन दात खाते. एक्सलचे बुश लेथवर नवे काढले. टॉर्क रॉड मात्र मिस्त्रीनं कुणाला हात लावू दिला नाही. तो निसटला तर ब्रेक दाबताच ब्रेकप्लेटच चाकाबरोबर गरगरायची.

तोवर मी जुनं चाक घेऊन आऊट, म्हणजे रिमचा बाक, काढणाऱ्याकडे गेलो. का गेलो, ते घरीही विचारून झालंय. हा माणूस चाक स्टँडवर फिरवतो आणि रिमच्या कडेला खडू धरतो. खडू टेकला तिथं आऊट. मग एका बाजूचा निपल जरा ढिला, दुसऱ्या बाजूचा जरा घट्ट. मधूनच बोटानं स्पोक छेडतो. ढिला असला की तो बद्द बोलतो. डोळे बारीक, मान तिरकी, तोंडात अवाक्षर नाही. मी बाकड्यावर ताठ बसून होतो. न जाणो, मलाही खडू लावायचा.

"बसवणार कुठं हे?" त्यानं विचारलं.

"माळ्यावर ठेवणार. गाडीला एफझेडचं मॅगव्हील घातलं."

"माळ्यावरच्या चाकाचा आऊट कशाला काढता?" असं म्हणाला आणि पुन्हा खडू धरला. मॅगव्हीलला स्पोकच नाहीत, तिथं त्याच्या बोटांनी छेडायचं काय? दुकानात आता सायकलीच जास्त दिसतात. या गोष्टीचा मला राग आला, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळेना, कारण मॅगव्हीलची पावती माझ्याच खिशात होती.

गाडी आता सरळ रस्त्यावर झोकात चालते. वळणावर कलायला मात्र कुरकुरते. लग्नात नमस्काराला वाकणाऱ्या जावयासारखी. 11 हॉर्सपॉवरचं इंजिन बिचारं चढावर जुनं चाक आठवत असावं. पण मागून! मागून विचारू नका. मी हल्ली कुठंही उभा राहिलो की गाडी पाठमोरीच लावतो.

फक्त परवा एका शोरूमच्या काचेत आम्ही समोरून दिसलो. पुढचं चाक अडीच इंची, त्यावर मी. मिस्त्रीला फोन लावतोय. तो उचलत नाही.