दोन थाऊंचा माणूस

असा एक माणूस प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असतोच. गणपतीचं मखर तो विकत आणू देत नाही, आणि स्वतः करायला घेतो ते विसर्जनाच्या सकाळी पुरं होतं. ओहायोतल्या आमच्या मंडळात ही जागा अण्णांची आहे. उरलेलं वर्षभर अण्णा गॅरेजमध्ये पिस्तुलावर रेड डॉट साईट बसवायची माउंटं करत असतात.

दचकू नका. अमेरिकी कायद्याच्या लेखी पिस्तुलाचा सांगाडा तेवढा बंदूक; त्याच्यावर साईट धरून ठेवणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी म्हणजे नुसती पट्टी. ती दुकानात तयार मिळते, असं मी एकदा बोलून गेलो. घरात पुरण शिजत असताना फ्रोझन पुरणपोळीचं नाव काढावं तसा चेहरा झाला अण्णांचा.

"मिळते की. पण दोन थाऊ ढिली असते."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जगातल्या समस्त दुःखाचं मूळ या दोन थाऊंत आहे, अशी अण्णांची श्रद्धा. लोक खिशाला पेन लावतात, अण्णा डिजिटल कॅलिपर लावतात. आमच्या घरी उकडीच्या मोदकाची पारी त्यांनी मोजली आणि "एका बाजूला जाड आहे" असं माझ्या बायकोला तोंडावर सांगितलं. ती अजून त्यांना दुसरा मोदक वाढत नाही. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात जावयाच्या बोटात अंगठी शिरेना. भटजी थांबले, फोटोग्राफर थांबला, आणि अण्णांनी भर मांडवात जावयाच्या बोटाच्या पेराला कॅलिपर लावला. आकडा काय आला ते सांगायला नकोच. कानस आणायला ते गाडीकडे निघाले होते. वहिनींनी सदऱ्याला धरून बसवलं.

पिस्तुलाच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे गणित तयार असतं. ओहायोत ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे, तिथे 1907 पासून राष्ट्रीय नेमबाजी सामने भरतात. तिथली बुल्सआय स्पर्धा एका हाताने खेळायची. एकूण गुण 2700. पन्नास यार्डांवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेतीन इंचांचंही नाही. "आता बघ," अण्णा पेपर नॅपकिनवर आकृती काढतात, "चार इंची माउंट दोन थाऊंनी कललं, तर तिथे गोळी जवळजवळ इंचभर सरकते!" हिशोब बरोबर आहे. मी पडताळून पाहिला. फक्त साईटला तो कल काढून टाकण्यासाठीच दोन बारीक स्क्रू दिलेले असतात, एक उभा आणि एक आडवा. हे बोलून दाखवल्यावर अण्णा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

त्यात सहा-बत्तीसचा टॅप. साईटच्या स्क्रूसाठी आटे पाडायचं हे हत्यार काडीसारखं बारीक, आणि ते मोडायचं तर नेमकं शेवटच्या भोकात, आतल्या आत मोडतं. त्या संध्याकाळी अण्णांच्या घरी फोन करू नये. वहिनी हळू आवाजात "टॅप" एवढंच म्हणतात आणि फोन ठेवतात. एरवी त्यांचं एकच ठरलेलं वाक्य असतं: "आमच्या कोल्हापूरची राही सरनोबत 2018 च्या एशियाडमध्ये साध्या साईटवर सुवर्णपदक घेऊन आली. तुमच्या पट्टीवाचून तिचं काय अडलं?"

बिचारे अण्णा काय सांगणार? ते महिन्यातून एकदा रेंजवर जातात, पाच-दहा गोळ्या झाडतात, माउंट हललं की नाही ते बघतात आणि परत येतात. कागदावर भोकं कुठे पडली, हे त्यांनी पाहिल्याचं कुणाला आठवत नाही.

त्यांचे वडील कोल्हापुरात उद्यमनगरात टर्नर होते. मुलाने लेथला हात लावायचा नाही, शिकायचं, म्हणून मुलगा शिकला, अमेरिकेत आला आणि बँकांची सॉफ्टवेअरं लिहीत राहिला. त्यातलं पहिलं बंद पडलं, त्याच्या जागी आलेलं दुसरंही बंद पडलं. मुठीत धरून कुणाला दाखवावं असं त्यातलं काही नव्हतं. गॅरेजमध्ये मिलिंग मशीन आलं ते त्यानंतर. पहिलं धड माउंट झालं तेव्हा अण्णांनी व्हिडिओ कॉलवर ते वडिलांना दाखवलं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी आणला आणि म्हणाला, "बर तशीच हाय की रं कडंला. हात कापंल कुणाचा तरी." अण्णा फोन चालूच ठेवून कानस घेऊन बसले. पलीकडे वडील बघत बसले. अर्धा तास दोघं काही बोलले नाहीत, असं वहिनी सांगतात.

तेव्हापासून अण्णांच्या माउंटची कड गालावरून फिरवली तरी ओरखडा उठणार नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

आणि ते एक पैसा घेत नाहीत. त्यांच्या क्लबात ऐंशीच्या घरातला एक गोरा म्हातारा आहे, व्हिएतनाममध्ये लढून आलेला. साध्या साईटवर मागची खाच, पुढचा खुंट आणि लांबचा कागद एका रेषेत आणावे लागतात. त्या वयात डोळा तिन्ही ठिकाणी कुठून पोचणार? रेड डॉटमध्ये काचेवर एक लाल ठिपका दिसतो, तो कागदावर ठेवला की झालं. पण म्हाताऱ्याचं जुनं हाय स्टँडर्ड पिस्तूल. ती मूळ कंपनी 1984 मध्येच बंद झाली. त्यात त्याची अट, की पिस्तुलाला नवं भोक पाडायचं नाही. अण्णांनी अख्खा हिवाळा त्यात घातला. पिस्तुलावर आधीपासून होती तेवढीच भोकं धरून माउंट बसवलं. म्हातारा पुन्हा स्पर्धेत उतरला आणि त्याने अण्णांना तर सोडाच, अर्ध्या क्लबाला मागे टाकलं.

इथे दुसरा कुणी असता तर सुखाने झोपला असता. अण्णा आठवड्याभरात म्हाताऱ्याच्या दारात हजर. माउंट काढून द्या म्हणाले, मागच्या बाजूला दोन थाऊ राहिलेत. म्हातारा त्या वेळी पिस्तूल साफ करत बसला होता. हात लावून तर बघ, एवढंच तो म्हणाला, आणि अण्णा कॅलिपर खिशात घालून घरी आले.